पाचवा रकाना कोणत्या विषयाला द्यायचा?

पत्र: मी कराडला बारावी कॉमर्सला आहे. महाराष्ट्र बोर्ड, इंग्रजी माध्यम. विषय इंग्रजी, मराठी, इकॉनॉमिक्स, बुक-कीपिंग, ओसीएम (ऑर्गनायझेशन ऑफ कॉमर्स अँड मॅनेजमेंट) आणि एसपीऐवजी (सेक्रेटरियल प्रॅक्टिस) मॅथ्स. दिल्ली विद्यापीठात बी.कॉम. ऑनर्स नाहीतर इकॉनॉमिक्स ऑनर्स करायचं आहे, बीएमएस, म्हणजे मॅनेजमेंटची पदवी, तीसुद्धा चालेल. सीयूईटीला, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश परीक्षेला, पाचच विषय भरता येतात. क्लासचे सर म्हणतात, इंग्रजी, अकाउंट्स, बिझनेस स्टडीज, इकॉनॉमिक्स आणि पाचवा सायकॉलॉजी भर. सायकॉलॉजीत मार्क पडतात, मॅथ्सच्या नादी लागू नकोस. मामेभाऊ म्हणतो, जनरल टेस्ट सगळ्यांना कंपल्सरी असते. बाबांचं म्हणणं, दहावीला मराठीत ९४ होते, तर इंग्रजीऐवजी मराठीच घे. घरात रोज यावरून चर्चा चालू आहे. नक्की कोणते पाच घेऊ?
– एक विद्यार्थिनी, कराड

उत्तर: आधी उत्तर, मग कारणं. इंग्रजी, मॅथ्स, इकॉनॉमिक्स, अकाउंटन्सी आणि जनरल ॲप्टिट्यूड टेस्ट (मामेभाऊ म्हणतो ती जनरल टेस्ट), हे पाच भर. सरांच्या यादीतला सायकॉलॉजी काढायचा आहे, बिझनेस स्टडीजही बाहेर ठेवायचा आहे आणि ज्याच्या नादी लागू नको असं ते म्हणाले, तो मॅथ्स आत आणायचा आहे.

विषय निवडताना बहुतेक जण ‘मला कशात मार्क पडतील’ इथून सुरुवात करतात. सीयूईटीत सुरुवात दुसऱ्या टोकाकडून करावी लागते. प्रत्येक अभ्यासक्रम ठरावीक पेपरांचीच बेरीज धरतो. त्या बेरजेत नसलेल्या पेपरात २५० पैकी २५० मिळाले तरी त्यांचा काही उपयोग नाही. म्हणून एक कोरा कागद घे, तुझे तीन अभ्यासक्रम एकाखाली एक लिही आणि प्रत्येकासमोर त्याला लागणारे पेपर मांड. दिल्ली विद्यापीठाच्या २०२५ च्या नियमांप्रमाणे ते असे आहेत.

बी.कॉम. ऑनर्सला दोन वाटा आहेत. एक भाषा, मॅथ्स आणि विषयांच्या यादीतले कोणतेही दोन; किंवा एक भाषा, अकाउंटन्सी आणि यादीतले दोन. इकॉनॉमिक्स ऑनर्सला एकच वाट: एक भाषा, मॅथ्स आणि यादीतले दोन. या दोन्हींची गुणवत्ता यादी चार पेपरांची, म्हणजे १००० पैकी. बीएमएसला एक भाषा, मॅथ्स आणि जनरल ॲप्टिट्यूड टेस्ट, असे तीनच पेपर, ७५० पैकी. बीबीए फायनान्शियल इन्व्हेस्टमेंट ॲनालिसिस आणि बी.ए. ऑनर्स बिझनेस इकॉनॉमिक्स यांनाही हेच तीन लागतात. बिझनेस इकॉनॉमिक्सच्या नावात इकॉनॉमिक्स असलं तरी तिथे इकॉनॉमिक्सचा पेपर धरत नाहीत, जनरल टेस्ट धरतात. नावावर जाऊन दरवर्षी काही मुलं इथे फसतात.

आता उभ्या रकान्यांत बघ. भाषा तिन्हीकडे आहे. मॅथ्स तिन्हीकडे चालतो आणि दोन ठिकाणी तर त्याच्यावाचून अर्जच होत नाही. ‘यादीतले दोन’ म्हणजे तुझ्यासाठी इकॉनॉमिक्स आणि अकाउंटन्सी. राहिली जनरल टेस्ट. झाले पाच. एकही पेपर वाया नाही आणि तिन्ही अभ्यासक्रमांना अर्ज करता येतो.

सरांची यादी याच कागदावर लावून पाहा. इंग्रजी, अकाउंट्स, बिझनेस स्टडीज, इकॉनॉमिक्स यांवर बी.कॉम. ऑनर्सची दुसरी वाट मिळते, तेवढीच. इकॉनॉमिक्स ऑनर्स गेलं, बीएमएस गेलं. दिल्ली विद्यापीठाच्या श्रीराम कॉलेज ऑफ कॉमर्समध्ये पदवीला बी.कॉम. ऑनर्स आणि इकॉनॉमिक्स ऑनर्स हे दोनच अभ्यासक्रम आहेत. म्हणजे मॅथ्स सोडलंस तर त्या कॉलेजातली निम्मी शक्यता अर्ज भरतानाच संपली.

सायकॉलॉजीचा प्रश्न याहून सोपा आहे. सीयूईटीचा अर्ज कोणताही विषय भरू देतो, बारावीला तो असो वा नसो. दिल्ली विद्यापीठ मात्र बारावीला जे विषय घेतलेस तेच पेपर धरतं. प्रवेशाच्या वेळी विद्यापीठाच्या पोर्टलवर, ज्याला सीएसएएस म्हणतात, बारावीचा प्रत्येक विषय सीयूईटीच्या पेपराशी जोडून दाखवावा लागतो. तुझ्या गुणपत्रिकेवर सायकॉलॉजी नाही, त्यामुळे जोडायला समोर काही उरतच नाही. पेपर देशील, मार्क पडतील आणि बेरजेत धरले जाणार नाहीत. वर पैसे जातील ते वेगळेच: २०२५ ला खुल्या गटासाठी पहिल्या तीन विषयांचे १००० रुपये आणि पुढच्या प्रत्येक विषयाला ४०० असा दर होता. पाच विषयांचे १८०० होतात.

जनरल टेस्ट सगळ्यांना कंपल्सरी असते, हे मामेभावाचं म्हणणं चूक आहे. बी.कॉम. ऑनर्स आणि इकॉनॉमिक्स ऑनर्सच्या बेरजेत ती कुठेच नाही. तुला ती घ्यायची आहे ती फक्त बीएमएससाठी. म्हणून खरा निर्णय एवढाच: पाचवा रकाना जनरल टेस्टला द्यायचा की बिझनेस स्टडीजला? बिझनेस स्टडीज घेतलंस तर इकॉनॉमिक्स किंवा अकाउंट्सचा पेपर बिघडल्यास हाताशी आणखी एक विषय राहतो. जनरल टेस्ट घेतलीस तर एक अख्खा अभ्यासक्रम हाती राहतो. बीएमएस ‘चालेल’ असं लिहिलं आहेस, ते मनापासून असेल तर जनरल टेस्ट. घरच्यांना बरं वाटावं म्हणून लिहिलं असेल तर बेधडक बिझनेस स्टडीज घे. त्याचा अभ्यासही कमी करावा लागतो. ओसीएम त्याच्या जवळचा विषय आहे. मॅनेजमेंटची तत्त्वं, फेयॉल आणि टेलर, मॅनेजमेंटची कार्यं, ग्राहक संरक्षण, मार्केटिंग हे दोन्हीकडे येतं. पण तसं केलंस तर सीएसएएसवर जोडणी करताना ओसीएम समोर बिझनेस स्टडीज लावावं लागेल, कारण ओसीएम नावाचा पेपर सीयूईटीत नाही. बुक-कीपिंगला ही अडचण नाही, पेपराचं नावच ‘अकाउंटन्सी / बुक-कीपिंग’ असं आहे.

मराठी की इंग्रजी

बाबांची सूचना नियमात बसते, हे आधी मान्य करू. भाषांच्या यादीत १३ भाषा आहेत, त्यात मराठी आहे आणि तुझ्या बारावीतही ती आहे. बी.कॉम. ऑनर्स, इकॉनॉमिक्स ऑनर्स आणि बीएमएस या तिन्हींना ‘कोणतीही एक भाषा’ चालते. शिवाय तुझ्या अभ्यासक्रमांत भाषेचे गुण पूर्ण धरले जातात. बी.एस्सी. ऑनर्स फिजिक्सला भाषेत ३० टक्के मिळाले की काम झालं, बेरीज फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्सचीच. तुझ्याकडे भाषेचे २५० हे मॅथ्सच्या २५० इतकेच मोलाचे आहेत. त्यामुळे ज्या भाषेत दहा प्रश्न जास्त बरोबर येतील ती घ्यायची, यात भावनेचा प्रश्न नाही.

पण दहावीच्या ९४ वरून ते ठरत नाही. बोर्डात गुण मिळतात ते धड्याच्या उत्तरांवर, निबंधावर, रसग्रहणावर. सीयूईटीच्या भाषेच्या पेपरात धडा नाही, कविता नाही, एक ओळही लिहायची नाही. उतारे आणि त्यावरचे प्रश्न, समानार्थी आणि विरुद्धार्थी शब्द, उलटसुलट वाक्यांचा क्रम लावणं, रिकाम्या जागी नेमका शब्द. चार पर्याय, एक खूण. दोन्ही भाषांचा एकेक नमुना पेपर घड्याळ लावून सोडव, ६० मिनिटांत ५० प्रश्न. फरक दोन-तीन प्रश्नांचा असेल तर इंग्रजी घे, कारण तीच तयारी राज्याच्या सीईटीला आणि इतर विद्यापीठांनाही उपयोगी पडेल. मराठीत सात-आठ प्रश्न सरळ जास्त येत असतील तर मात्र बाबांचं ऐक. दोन्ही भाषा घेऊन एक रकाना घालवू नकोस.

मॅथ्सची भीती कितपत खरी

तुझ्या प्रश्नाचा सगळ्यात मोठा भाग इथेच आहे. ‘मॅथ्स रिस्की’ असं जे म्हणतात ते सायन्सच्या मुलांचा पेपर डोळ्यांसमोर ठेवून. सीयूईटीचा मॅथ्सचा पेपर दोन तोंडांचा आहे. पहिले १५ प्रश्न सगळ्यांना सारखे. पुढचे ३५ प्रश्न दोन संचांत, एक मॅथमॅटिक्सचा आणि एक अप्लाइड मॅथमॅटिक्सचा, आणि त्यांतला एकच सोडवायचा. अर्जात विषय एकच दिसतो, संच पेपरात निवडायचा. दिल्ली विद्यापीठाला दोन्ही चालतात.

पहिल्या १५ मध्ये मॅट्रायसेस, डेरिव्हेटिव्ह आणि त्यांचे उपयोग, इंटिग्रेशन, डिफरन्शियल इक्वेशन, प्रॉबॅबिलिटी डिस्ट्रिब्युशन, लिनियर प्रोग्रॅमिंग येतं. हे सगळं तुझ्या बोर्डाच्या कॉमर्स मॅथ्सच्या दोन पुस्तकांत आहे. पुढे अप्लाइडचा संच घे. मॅथमॅटिक्सच्या संचात व्हेक्टर, थ्री-डी भूमिती, इन्व्हर्स ट्रिगोनोमेट्री आहे. ती कॉमर्सच्या पुस्तकात नाही आणि दोन महिन्यांत नव्याने शिकण्यासारखीही नाही. अप्लाइडमध्ये इंडेक्स नंबर, टाइम सिरीज, डिस्ट्रिब्युशन आणि कर्जाचे हप्ते, ॲन्युइटी यांसारखं आर्थिक गणित येतं, म्हणजे बरीचशी ओळखीची माणसं. नवीन पडेल ते एवढं: मोड्युलो अंकगणित, मिश्रणाचे आणि नळ-टाकी, नाव-प्रवाहाचे हिशोब, सिंकिंग फंड, परपेच्युइटी आणि टी-टेस्टपर्यंतचं अनुमानाचं संख्याशास्त्र. नळ-टाकी आणि नाव-प्रवाह जनरल टेस्टलाही उपयोगी पडतात. उलट बोर्डाचं लॉजिक, असाइनमेंट प्रॉब्लेम, सिक्वेन्सिंग, कमिशन-ब्रोकरेज हे बोर्डाचा पेपर झाला की बाजूला ठेव, सीयूईटीत ते विचारत नाहीत.

खरी अडचण वेळेची आहे. ६० मिनिटांत ५० म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. बोर्डात चार गुणांचं उदाहरण सात-आठ मिनिटं घेऊन, पायरी-पायरी मांडून सोडवायची सवय असते. इथे पायऱ्यांना गुण नाहीत.

अकाउंट्स आणि इकॉनॉमिक्स: जिथे महाराष्ट्र बोर्डाची मुलं गाफील राहतात

सीयूईटीचे विषय-पेपर एनसीईआरटीच्या, म्हणजे सीबीएसईच्या शाळांत चालणाऱ्या, बारावीच्या पुस्तकांवर बेतलेले असतात. ‘बुक-कीपिंगला पैकीच्या पैकी मिळतात’ म्हणून निश्चिंत राहिलेली मुलगी पेपरात कर्जरोख्यांपाशी अडते. बोर्डाच्या पुस्तकात कंपनीच्या हिशोबात शेअर्सची विक्री आहे, कर्जरोखे म्हणजे डिबेंचर नाहीत. एनसीईआरटीत त्यांचं अख्खं प्रकरण आहे. प्रश्न असा असतो: १०० रुपयांचे १,००० कर्जरोखे ५ टक्के सवलतीने विकले, परतफेड १० टक्के अधिमूल्याने करायची आहे, ‘लॉस ऑन इश्यू’ खात्याला किती रक्कम नावे पडेल? विक्रीतली सवलत ५,००० आणि परतफेडीचं अधिमूल्य १०,०००, मिळून १५,०००. दहा सेकंदांचं काम, पण परतफेडीचा तोटा विक्रीच्याच दिवशी दाखवायचा हे ठाऊक असेल तर. ठाऊक नसेल तर ५,००० चा पर्याय समोरच असतो आणि तोच बरोबर वाटतो.

भागीदारी मात्र तुझी पक्की असणार, तिथे फक्त मांडणी सोडायची. अ आणि ब यांचं नफ्याचं प्रमाण ३:२, क १/५ हिश्श्याने आला आणि तो हिस्सा दोघांकडून सारखा घेतला. बोर्डात याची वर्किंग नोट लिहितेस. इथे मनात: दोघांचा प्रत्येकी १/१० गेला, म्हणून अ ५/१०, ब ३/१०, क २/१०. नवं प्रमाण ५:३:२, त्यागाचं १:१. खूण करून पुढे. बोर्डाचं बिल्स ऑफ एक्स्चेंज सीयूईटीला लागत नाही. रेशो ॲनालिसिस आणि कॅश फ्लो मात्र बोर्डापेक्षा बारकाईने करावं लागतं.

इकॉनॉमिक्समधली दरी याहून मोठी आहे. उपयोगिता, मागणी, लवचिकता, राष्ट्रीय उत्पन्न एवढं बोर्डाने करून घेतलेलं आहे. उत्पन्न-रोजगार निश्चिती आणि गुणक तुला नवे: सीमांत उपभोग प्रवृत्ती ०.८ असेल तर गुणक ५, म्हणजे गुंतवणूक १०० कोटींनी वाढली तर उत्पन्न ५०० कोटींनी. इनडिफरन्स कर्व्हही नवा. आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहतं ते भारतीय आर्थिक विकासाचं पुस्तक: १९४७ ते १९९० चा काळ, १९९१ नंतरच्या सुधारणा, चीन-पाकिस्तानशी तुलना. हे पुस्तक एनसीईआरटीच्या संकेतस्थळावर अकरावीच्या नावाखाली आहे, बारावीच्या यादीत शोधशील तर दिसणार नाही. पाठांतराचं असलं तरी पटकन होणारं आहे, दोन आठवडे त्याला पुरतात. पुस्तकं विकत घ्यायची गरज नाही, सगळी पीडीएफ तिथे मोफत आहेत.

वेळ साधारण असा पडतो. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, सीयूईटी २०२५ ला १३ मेपासून झाली. मधले सात-आठ आठवडे. रोज दीड तास मॅथ्स, पाऊण तास इंग्रजी आणि जनरल टेस्टचं रीझनिंग आलटून पालटून. उरलेला वेळ पहिले दहा दिवस कर्जरोखे, रेशो आणि कॅश फ्लोला, नंतर इकॉनॉमिक्सच्या नव्या प्रकरणांना. शेवटचे दोन आठवडे फक्त घड्याळ लावून पेपर.

पेपरातली एक गोष्ट हिशोबानेच समजून घे. बरोबर उत्तराला ५, चुकीला वजा १, कोऱ्याला शून्य. चार प्रश्न डोळे मिटून ठोकलेस तर सरासरी एक बरोबर येतो: अधिक ५, वजा ३, हाती २. दोन पर्याय नक्की चूक आहेत एवढं कळलं तरी दर दोन प्रश्नांमागे ४ गुण पदरात. निगेटिव्ह मार्किंगच्या धास्तीने प्रश्न कोरे सोडणं हा या परीक्षेत चक्क तोटा आहे. आणि पेपर वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या सत्रांत होत असल्याने गुणांचं समानीकरण होतं. उत्तरसूची पाहून काढलेली बेरीज आणि निकालातला आकडा जुळला नाही तर घाबरून जाऊ नकोस.

दिल्लीवरच सगळं ठेवू नकोस. महाराष्ट्रात बीएमएस, बीबीए करायचं तर राज्य सीईटी कक्षाची वेगळी परीक्षा २०२४ पासून आहे. १०० प्रश्न, ९० मिनिटं, निगेटिव्ह मार्किंग नाही. त्यातले ४० इंग्रजीचे, ३० रीझनिंगचे, बाकीचे सामान्यज्ञान आणि कॉम्प्युटरचे १५-१५. म्हणजे वरच्या पाऊण तासात तिचीही बहुतेक तयारी होते. अर्ज मात्र वेगळा भरावा लागतो, सीयूईटीचे गुण तिथे चालत नाहीत.

अर्ज भरण्याआधी त्या वर्षीचं दिल्ली विद्यापीठाचं माहितीपत्रक काढून तिन्ही अभ्यासक्रमांच्या ओळी पुन्हा वाच, नियम दरवर्षी थोडेफार हलतात. २०२४ ला सहा विषय घेता येत होते, २०२५ ला पाच झाले, तसंच. सीयूईटीच्या अर्जानंतर दुरुस्तीची खिडकी काही दिवसच उघडते. विषय बदलायचा तर तेवढ्यातच. सीएसएएसची नोंदणी वेगळी असते, २०२५ ला तिचे खुल्या गटाला २५० रुपये होते, आणि ती राहून गेली तर सीयूईटीचे गुण नुसते हातात राहतात. आरक्षणातून अर्ज करणार असशील तर दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो, ओबीसी आणि ईडब्ल्यूएसचा तर चालू वर्षाचाच. ओबीसीसाठी जात केंद्राच्या यादीत आहे का ते पाहा. राज्याचा एसईबीसी दाखला तिथे चालत नाही, तो असेल तर अर्ज खुल्या गटातून किंवा अटींत बसत असशील तर ईडब्ल्यूएसमधून करावा लागेल. उत्पन्नाच्या आणि मालमत्तेच्या अटींत बसत असशील तर ईडब्ल्यूएसचा दाखला नवं आर्थिक वर्ष लागताच तहसील कार्यालयातून काढायला घे, जून-जुलैत तिथे रांगा लागतात.